चार जणांची झोपायची सोय

खिडकीखालच्या भिंतीला मी सहज अंगठा लावला आणि तो आत गेला. फार नाही, नखाएवढा. पण भिंतीनं असं करायचं नसतं. अंगठा काढला तेव्हा फिकट रेघांच्या कागदावर एक खळगा राहिला, आणि तो नाइलाजानं उठणाऱ्या माणसासारखा हळूहळू वर येत अर्ध्यातच थांबला. मी मागे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. जावई बाहेर गुडघ्यांवर बसून चाकांमधल्या लोखंडावर टकटक करत होते, मुलगी ओट्याखालचं कपाट उघडून मिटून पाहत होती, आणि विहीणबाई बाथरूममध्ये उभ्या राहून "इथे वळायचं असेल तर बाहेर येऊन वळायला लागेल" असं आतूनच जाहीर करत होत्या. मी त्या खळग्यावर तळवा ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत असल्याचं सोंग केलं. भिंत गार होती. आत लाकूड कुजलं होतं, हे मला सुतारकाम न कळताही कळलं. छापखान्याच्या तळघरात पुस्तकांचे गठ्ठे ओल धरायचे, तेव्हा तेही वरून असेच शहाण्यासारखे दिसायचे.

मला आणलं होतं ते याचसाठी. "बाबांना नेऊ, ते चुका काढतील," असं मुलगी म्हणाली होती, आणि ती थट्टा होती की गरज, हे मला गाडीत बसेपर्यंत ठरवता आलं नव्हतं. तसा मी चुका काढणारा माणूस नव्हे. मी पुस्तकांच्या सूची करायचो. जाड पुस्तकांच्या शेवटी जी पानं असतात, ज्यांत कोण कुठल्या पानावर भेटेल ते लिहिलेलं असतं आणि जी कुणी वाचत नाही, ती पानं. पण घरच्यांच्या लेखी चष्मा नाकावर ओढून बारीक अक्षर बघणारा माणूस म्हणजे चुका काढणारा. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते, जावई लिफ्ट दुरुस्त करतात. दोघांना दिवसभर उभं राहायचं काम. दोघांच्या डोक्यात वर्षभर ही कॅरॅव्हॅन घोळत होती. नवी परवडण्यासारखी नव्हती, म्हणून कुणाची तरी वापरलेली. गाडीच्या मागे जोडायची आणि सगळ्यांनी मिळून निघायचं. हॉटेल नको, ओळखीच्यांकडे उतरणं नको. याआधी तीन-चार बघून झाल्या होत्या, पण त्या बघायला मी गेलो नव्हतो. "तुम्ही या बघून," असं म्हणालो होतो. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलेलं आहे की ते बोललं गेल्याचं मला नंतर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

कॅरॅव्हॅन एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मालक पोहायला शिकवणारे गृहस्थ. निवृत्त झाले होते, पण गळ्यातली शिट्टी काढली नव्हती, आणि बोलायचे असे की ऐकणारा तलावाच्या पलीकडच्या काठावर उभा आहे. विहीणबाईंनी आल्या आल्या त्यांचं नाव शिट्टीमास्तर ठेवलं आणि ते त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ठेवलं. त्यांनाही ते आवडलेलं दिसलं. "या, या, आत या! बूट काढू नका! आमच्या मुलांनी कधी काढले नाहीत!" आत वास होता. बंद गादीचा, रबराचा, कुणाच्या तरी साबणाचा, आणि त्या सगळ्याखाली परक्या माणसांच्या झोपेचा. दुसऱ्यांच्या घरात पाऊल टाकलं की मला पहिल्यांदा हा झोपेचा वास येतो आणि मी अवघडतो. लोक बसा म्हणतात, चहा देतात, आणि मला वाटत राहतं की मी त्यांच्या अंथरुणावर उभा आहे. माझं प्रवासाला न जाणं या एवढ्याशा गोष्टीपासून सुरू झालं असावं. असावं म्हणतो, खात्री नाही. कारणं मी नेहमी नंतर शोधतो, आणि शोधलेली कारणं दिसायला फार नीटनेटकी असतात.

शिट्टीमास्तर दारातून आत डोकावून हात पसरून दाखवत होते. मागच्या बाजूला जोडप्याचा रुंद पलंग, पडदा ओढला की वेगळी खोली. मध्ये एकावर एक असे दोन अरुंद पलंग. पुढे ओटा, आणि त्याच्यासमोर खिडकीला लागून एक छोटं टेबल, दोन बाजूंना दोन बाकडी, एकेका माणसापुरती. "हा टेबलाचा भाग जेवायला, पत्ते खेळायला. याचा पलंग होत नाही, आधीच सांगतो, फसवणार नाही. झोपायची सोय चार जणांची! आम्ही चारच होतो!" विहीणबाई तोवर शिडीला हात घालून वरच्या पलंगावर चढल्याही होत्या. या वयात त्या कशा चढतात कोण जाणे. तिथून त्यांचे फक्त पाय दिसत होते आणि आवाज येत होता. "वरचा मजला माझा. कुणी भांडू नका. घोरले तर मला उठवायचं नाही, आपण खाली उतरायचं." मुलगी खालच्या पलंगाशी वाकली होती. तिनं गादी दाबून पाहिली. उशाशी भिंतीत बसवलेला एक दिवा होता, तो तिनं लावला, मालवला, पुन्हा लावला, त्याखाली स्वतःचा तळवा धरून हाताच्या रेषा बघितल्या. दुकानात ती लोकांना विचारते ना, हे बरं दिसतं की हे, तसं काहीतरी ती स्वतःशीच पुटपुटली. मग शिट्टीमास्तरांना म्हणाली, "दिवा रात्रभर चालतो का? बॅटरी पुरते?" ते म्हणाले, "पहाटेपर्यंत!"

मागचा पलंग मुलगी आणि जावयांचा. वरचा विहीणबाईंचा. खालचा हिचा, म्हणजे माझ्या बायकोचा; ती अजून बाहेरच होती. हे मी कुठल्याही हेतूशिवाय मनात मांडलं, सवयीनं, जसा मी पुस्तक हातात आलं की नावं आणि पानं जुळवायला लागायचो. आणि मांडणी पुरी झाली तेव्हा मी तिच्यात नव्हतो. तळव्याखाली भिंत गार लागत होती. मी पुन्हा मोजलं, जणू मोजण्यातच काही चुकलं असेल. माणसं पाच, जागा चार. मला राग आला नाही. राग यायला अंगात थोडी ताकद लागते, आणि सकाळपासून उभं राहून माझे पाय भरून आले होते. उलट एक प्रकारचं समाधान वाटलं, आपण केलेल्या नोंदी बरोबर निघाल्यावर वाटतं तसलं. मुलगी लहान होती तेव्हा शाळेच्या सुट्ट्या लागल्या की ही पिशव्या भरायची आणि मी दारापर्यंत पोचवायला जायचो. "तुम्ही या जाऊन. माझं काम तुंबलंय." काम खरंच तुंबलेलं असायचं. पण त्या दोघी कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या की मी घरात येऊन दार लावायचो आणि त्या शांततेत मला एवढं हलकं वाटायचं की मी कितीतरी वेळ कामाला हातच लावायचो नाही. हे किती वर्षं चाललं? मग एक दिवस त्यांनी विचारायचं सोडलं असणार. कुठल्या दिवशी, ते मला सांगता येणार नाही. कुणी सोडतोय असं सांगून विचारायचं सोडत नाही.

आता सगळं माझ्या अंगठ्यावर होतं. मी नुसतं म्हणायचं, इकडे या, ही भिंत दाबून बघा. जावई बघतील, शिट्टीमास्तरांचा आवाज पहिल्यांदाच खाली येईल, मुलगी ओठ घट्ट मिटून गाडीत जाऊन बसेल आणि आपण घरी जाऊ. मी मागच्या खोलीत, माझ्या टेबलाशी, माझ्या दिव्याखाली. कॅरॅव्हॅन पुन्हा वर्षभर लांबेल, आणि वर्षभरात आमच्या वयाच्या माणसांचं काय होईल ते सांगता येत नाही, म्हणजे कदाचित कायमचीच. आणि मला कुणाचा बोलही लागणार नाही, कारण भिंत खरंच कुजलेली होती. खरं बोलून एखाद्याचं वाईट करण्याची अशी सोय माणसाला क्वचित मिळते. नाहीतर गप्प बसायचं. मग ते चौघं जातील, भिंत वाटेत कधीतरी आपल्या मर्जीनं आत येईल, आणि मला घरी फोन येईल. दोन्ही गोष्टी मी करू शकतो असं मला वाटलं, आणि दोन्हींचा सारखाच कंटाळा आला. मला बसायचं होतं. पण बसायला जावं तर भिंतीवरचा हात काढावा लागणार होता.

तेवढ्यात ही आत आली. इतका वेळ ती बाहेर शेडच्या दाराशी उभी होती. चार पावलं चालली की तिला थांबून श्वास गोळा करावा लागतो. पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली, मग दुसरा. आत आल्यावर तिनं ना पलंग पाहिले ना कपाटं. सरळ माझ्याकडे आली, म्हणाली, "सरका जरा," आणि मी सरकलो. खिडकीजवळच्या बाकड्यावर ती बसली, अगदी त्या भिंतीला खांदा लावून. खांदे हलवून तिनं जागा करून घेतली, पर्स मांडीवर घेतली, आणि खिडकीच्या कडेला डोकं टेकलं. खिडकीतून फक्त शेडचा पत्रा दिसत होता. ती तो असा बघत होती की पत्रा सरकायला लागलाय. ही टेलिफोनवर होती, निवृत्तीपर्यंत. लोक नंबर सांगायचे आणि ही लांबलांबची गावं जोडून द्यायची. त्या गावांतल्या एक्स्चेंजमध्ये तिच्यासारख्याच बसलेल्या बायांचे आवाज तिच्या ओळखीचे होते; एकीला सर्दी फार व्हायची, एकीच्या मागे कायम कुठला तरी भोंगा वाजायचा, एका गावाहून बोलताना लाइनवर समुद्र ऐकू येतो असं ती शपथेवर सांगायची. लग्न झालं त्या वर्षी ती म्हणाली होती, एकदा या सगळ्या गावांना जाऊन बघायचंय, तो भोंगा कशाचा आहे ते. मी म्हणालो होतो, जाऊ की. पुढे त्या बाया निवृत्त झाल्या असतील, मेल्याही असतील, एक्स्चेंजही गेली. भोंगा मात्र तिच्या डोक्यात राहिला. परवाही मुलीला सांगत होती.

"बसली का आमची राणी खिडकीत?" वरून विहीणबाईंचं डोकं लोंबकळलं. "जागा पसंत?"

"छान आहे," ही म्हणाली. "पाठ बरोबर टेकते. रात्र निघेल."

"रात्र?" मी म्हणालो.

"अहो, झोपायला." तिनं डोळे मिटून दाखवले.

मला वाटलं, ती थकलीय आणि काहीतरीच बोलतेय. "इथे कशी झोपशील? तो काय, खालचा पलंग आहे ना."

ओट्याशी उभी असलेली मुलगी वळली. "खालचा तुमचा आहे, बाबा."

"माझा?"

"मग कुणाचा? म्हणून तर ही बघायला आलो. बाकीच्या कॅरॅव्हॅनमधले सगळे पलंग उंचावर होते, तुम्हाला चढता आलं नसतं. आणि दिवा आहे उशाशी. तुम्हाला वाचल्याशिवाय झोप येत नाही."

"आणि ही?"

"आई आडवी कुठे होते?" मुलगी म्हणाली, आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. दुकानात एखादं गिऱ्हाईक अगदी वरचं, सगळ्यांत मोठं अक्षरही वाचू शकलं नाही की ती कशी बघत असेल ते मला त्या क्षणी कळलं. "आजारपणापासून. आडवं झालं की तिचा श्वास कोंडतो. खुर्चीत झोपते ती. बाबा, तुम्ही त्याच घरात राहता ना?"

"राहतात की," विहीणबाई वरून म्हणाल्या. "भाडेकरूसारखे."

कुणी हसलं नाही, म्हणून विहीणबाई स्वतःच थोडं हसल्या आणि डोकं आत घेतलं. ही डोळे मिटूनच म्हणाली, "अगं, त्यांना कसं कळणार, ते मागच्या खोलीत. मी तर रात्रपाळीतच शिकलेय बसून झोपायला. मला काही वाटत नाही त्याचं." मागच्या खोलीत मी गेलो तो दिव्यामुळे. माझा दिवा तिच्या डोळ्यांवर यायचा, आणि मला तो मालवून पडून राहणं जमायचं नाही. आधी दिवा हलवला, मग टेबल, मग मी. रात्री बाहेरच्या खोलीतून वेताच्या खुर्चीची करकर मला ऐकू यायची. तिला झोप येत नसेल, बसली असेल जरा, असं मला वाटायचं, आणि मी पान उलटायचो. सकाळी तिच्या पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नसायची. मी मनातल्या मनात तिचं कौतुकही करायचो, की उठल्या उठल्या किती नीट आवरते. आमच्या धंद्यात एक रीत होती: जे नाव पुस्तकाच्या प्रत्येक पानावर येतं त्याची सूचीत नोंद करायची नाही, कारण पानांचे आकडे लिहिता लिहिता सूची संपायची नाही. वाचणाऱ्याला ते नाव शोधावं लागतच नाही, कुठलंही पान उघडा, ते असतंच, असं आम्ही नव्यांना शिकवायचो. मी ती रीत इतकी वर्षं पाळली, आणि ती घरी पाळायची नसते हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही नाही.

ती त्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्या उजव्या खांद्याशी तो खळगा होता. तिथूनच ओल येणार, रात्री थंडी येणार, आणि तिच्या छातीत ती उतरणार. मघाशी माझ्या हातात असलेली गोष्ट तीच होती, पण आता ती वेगळीच जड लागत होती.

"ही भिंत कुजलीये," मी म्हणालो.

मोठ्यानं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे ते फार मोठ्यानं आलं. बाहेरची टकटक थांबली. जावई आत आले, मी दाखवलं तिथे त्यांनी अंगठा लावला, आणि त्यांचा अंगठा माझ्यापेक्षा खोल गेला. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, मग दारातल्या शिट्टीमास्तरांकडे. शिट्टीमास्तर शिट्टीशी चाळा करत म्हणाले, "ती खिडकी जरा गळायची. मी रबर बदललं. मला वाटलं, वाळलं असेल आतून." त्यांचा आवाज तलावाच्या अलीकडच्या काठावर आला होता. "खरंच वाटलं हो."

"झालं," मुलगी म्हणाली. ती कपाटाचं दार धरून उभी होती. "मला माहीतच होतं. तुम्हाला यायचंच नाहीये ना, बाबा? सरळ म्हणा की. दर वेळी काहीतरी निघतं. काम निघतं, पाय निघतो, आता भिंत."

"अगं, भिंत खरी आहे," जावई हळूच म्हणाले.

"भिंत खरीच असणार! त्यांचं सगळं खरंच असतं!"

हिनं डोळे उघडले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मुलीकडे बघितलं, आणि म्हणाली, "मग नको का ही? राहू दे. घरी जाऊ या." पर्स उचलून ती उठायलाही लागली. एवढं पटकन. मी दारापर्यंत पोचवायला यायचो, तेव्हाही ती असंच म्हणायची, राहू दे, तुमचं काम असेल. त्यात तक्रार नसायची, रुसवा नसायचा. नंबर लागत नाही असं कुणी सांगितलं की ती वायर जशी काढून घेत असेल, तशी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"नको असं कुठे म्हटलं मी? भिंत बदलून घ्यायची. एवढा तुकडा उघडायचा, लाकूड नवं घालायचं. ही इथे बसणार आहे ना रात्रभर. ओल यायला नको." मी जावयांकडे बघितलं. "होईल ना तेवढं?"

जावई दोन्ही हातांनी भिंत चाचपत होते. "खालची चौकट चांगली आहे. चाकं चांगली आहेत. एवढाच भाग गेलाय. उघडून बघायला लागेल." शिट्टीमास्तर एकदम म्हणाले की माझ्याकडे लाकूड आहे, हत्यारं आहेत, मीच तुमच्याबरोबर उभा राहतो, उघडू या, आत्ता उघडू या. मुलगी कपाटाचं दार धरूनच होती. तिनं ते लावलं, पुन्हा उघडलं. "म्हणजे तुम्ही येताय?" तिनं कपाटाच्या आत बघत विचारलं.

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेलो आणि हिच्यासमोरच्या बाकड्यावर बसलो. बाकडं अरुंद होतं, गुडघे तिच्या गुडघ्यांना लागले. दोघांनीही ते काढले नाहीत. काढायला जागाच नव्हती.

"तुम्ही तिथे काय करताय?" विहीणबाईंचं डोकं पुन्हा खाली आलं. "पलंग हा इकडे आहे, व्याही."

"इथे बसून झोपता येतं का बघतो."

"घ्या!" त्या म्हणाल्या. "माणसं पाच, जागा चार, आणि त्यातली एक रिकामी. हिशेब म्हणून तुमच्याकडून करून घ्यावा."

या वेळी मुलगी हसली. आवाज आला नाही, पण पाठ हलली.

मी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. ती लगेच दुखायला लागली. बाहेर जावई आणि शिट्टीमास्तर हत्यारं शोधत होते, पत्र्यावर काहीतरी आपटलं. मला हे जमणार नाही, असं वाटत होतं. परक्या झोपेचा वास अजून येतच होता. पहिल्याच रात्री मी वैतागेन, गप्प गप्प होईन, सगळ्यांना माझ्यामुळे अवघडायला होईल. स्वतःला मी ओळखतो.

"अशी नका टाकू मान," ही म्हणाली. "खिडकीकडे कलती. हां. हनुवटी वर ठेवा, नाहीतर सकाळी वळणार नाही."

"आणि हात?"

"मांडीवर. असे आवळून नाही. उघडे ठेवा. आपण कुणाची तरी वाट बघत बसलोय, असे."

मी हात उघडे ठेवले. तिचा श्वास ऐकू येत होता. आत जाताना एकदा अडकायचा, मग सुटायचा. भिंतीपलीकडून मला हा कधी ऐकू आला नव्हता. की आला होता आणि मी पान उलटलं होतं?

"हा खालचा दिवा तसाच जळतोय," विहीणबाई वरून म्हणाल्या. "मालवू का?"

"राहू द्या," ही म्हणाली. "त्यांना उजेड लागतो."

"मालवा," मी म्हणालो.